उणे पंचवीस अंशांत हीट पंप : ऑटावातल्या एका घराचा हिशेब

कॅनडाच्या राजधानीत, ऑटावामध्ये, आमचे घर आहे. ते १९८६ साली बांधलेले, दुमजली, खाली तळघर असलेले आणि गॅसवर हवा तापवून घरभर सोडणाऱ्या फर्नेसने तापणारे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या एसीचा कॉम्प्रेसर कुरकुरू लागला आणि दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने, यावर फार तर आणखी एक उन्हाळा निघेल, असे सांगून हात झटकले. फर्नेस २००९ सालची असल्याने तिचेही वय होत आले होते. नवा एसी बसवायचाच असेल तर त्याऐवजी हीट पंप का बसवू नये, म्हणजे उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब एकाच यंत्रातून मिळेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा गांभीर्याने पुढे आला. त्यानंतर निर्णय होईपर्यंत जवळजवळ एक वर्ष गेले, आणि ते वर्ष कशात गेले हे थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

हीट पंप म्हणजे मुळात उलटा चालवता येणारा एसी. आपल्याकडच्या स्प्लिट एसीत खोलीतली उष्णता शोषून बाहेरच्या युनिटमधून हवेत सोडली जाते. यात दिशा बदलणारी एक झडप बसवली की तेच यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता शोषून घरात आणते. बाहेर उणे वीस अंश असताना तिथे उष्णता कुठून आली, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचे उत्तर यंत्रातल्या शीतक द्रव्यात आहे. आर-४१०ए किंवा आर-३२ यांसारखी द्रव्ये साध्या वातावरणीय दाबाखाली उणे ५० अंशांच्याही खाली उकळतात, त्यामुळे उणे २५ ची हवादेखील त्यांच्या दृष्टीने ऊबदारच असते आणि त्या हवेतून उष्णता घेऊन त्यांची वाफ होते. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब वाढवतो, तापमान चढते आणि ती उष्णता घरातल्या कॉइलवर सोडली जाते. बाहेर जितके थंड, तितकी ही चढण मोठी, आणि तितकी वीज जास्त. एक युनिट वीज खर्चून किती युनिट उष्णता मिळाली, या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. चांगल्या यंत्राचा सीओपी आठ अंशांना साडेतीन ते चार असतो, उणे आठला अडीचच्या आसपास येतो आणि उणे पंधराला दोनच्या आगेमागे राहतो. साध्या विजेच्या हीटरचा सीओपी कायम १ असतो, हे लक्षात घेतले तर उणे पंधरालाही हे यंत्र हीटरच्या दुप्पट काम करते.

आमच्या गल्लीतल्या एका वयस्क शेजाऱ्यांना हे अजिबात पटत नव्हते. त्यांनी १९८० च्या दशकात हीट पंप वापरला होता आणि उणे दहाच्या खाली तो निव्वळ शोभेचा राहत असे, हा त्यांचा अनुभव खराच होता. त्या काळचे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालत. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. आजचे इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करतात, आणि थंड हवामानासाठी बनवलेल्या यंत्रांत कॉम्प्रेसरमध्ये दाब वाढत असतानाच मध्ये जादा वाफ सोडणारी रचना असल्याने कित्येक यंत्रे उणे २५ ते उणे ३० पर्यंत चालू राहतात. अर्थात चालू राहणे वेगळे आणि घर उबदार ठेवणे वेगळे. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला ऑटावाचा पारा उणे ३० च्याही खाली गेला होता. तशा रात्री कोणते यंत्र किती उष्णता देईल आणि माझ्या घराला किती लागेल, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय ‘थंडीत हीट पंप चालतो का’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून सुरुवात यंत्रापासून न करता घरापासून केली. घर किती उष्णता गमावते याचा अंदाज गॅसच्या जुन्या बिलांवरून बऱ्यापैकी बांधता येतो, आणि तो कोणालाही घरबसल्या करता येईल म्हणून पायरीपायरीने सांगते. जानेवारीच्या बिलात आमचा वापर ४८० घनमीटर होता. उन्हाळ्यात गॅस फक्त आंघोळीच्या आणि भांड्यांच्या गरम पाण्याला लागतो. तो महिन्याला साधारण ५० घनमीटर, म्हणून तेवढा वजा केला. उरलेले ४३० घनमीटर घर तापवायला जळले. एका घनमीटर गॅसमध्ये सुमारे १०.४ युनिट उष्णता असते, आणि आमच्या फर्नेसची कार्यक्षमता ९२ टक्के, म्हणजे घरात आलेली उष्णता सुमारे ४,१०० युनिट. महिन्याचे ७४४ तास. भागाकार केला की तासाला सरासरी साडेपाच किलोवॉट. जानेवारीत ऑटावाचे सरासरी तापमान उणे १० च्या आसपास असते, आणि माणसे, स्वयंपाक, दिवे आणि खिडकीतून येणारे ऊन यांच्या बळावर आमचे घर बाहेर १६ अंश होईपर्यंत फर्नेसविना राहते. म्हणजे २६ अंशांच्या फरकाला साडेपाच किलोवॉट, दर अंशाला साधारण ०.२१ किलोवॉट. इथल्या यंत्रणा ज्या तापमानाला धरून आखतात ते उणे २५. तिथे फरक ४१ अंशांचा, आणि गरज ८.७ किलोवॉट. इथले कंत्राटदार अजून बीटीयू या उष्णतेच्या जुन्या ब्रिटिश एककाच्याच भाषेत बोलतात, त्या भाषेत तासाला सुमारे ३०,००० बीटीयू, म्हणजे एसीच्या हिशेबात अडीच टन.

हा आकडा पाहून मी तळघरात जाऊन फर्नेसवरची पाटी वाचली. तिच्यावर ८०,००० बीटीयू लिहिले होते. सर्वांत कडाक्याच्या रात्री लागेल त्याच्या अडीचपटीहून अधिक! आमच्या फर्नेसचे हे काही खास वैशिष्ट्य नव्हे. इथल्या जुन्या घरांत असेच मोठे फर्नेस बसवलेले असतात, कारण मोठी फर्नेस बसवल्याने कोणाचा फोन येत नाही आणि लहान बसवली तर येतो. फर्नेसच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते, हीट पंपाच्या बाबतीत खपत नाही.

अधिकृत मोजणीसाठी एनरगाइड पद्धतीने काम करणाऱ्या ऊर्जा सल्लागाराला बोलावले. केंद्र सरकारच्या बिनव्याजी कर्जासाठी ही तपासणी कामाआधी आणि कामानंतर अशी दोनदा लागायचीच. सल्लागाराने पुढच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर खेचून आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण केला. पंखा सुरू होताच घराच्या सगळ्या फटी आपोआप बोलू लागल्या. पोटमाळ्याच्या झाकणाच्या कडेने वारा येत होता, बाहेरच्या भिंतींवरच्या विजेच्या सॉकेटमधून येत होता, आणि सर्वांत जास्त तळघराच्या छताशी, जिथे तुळयांची टोके पायाच्या भिंतीवर टेकतात तिथून येत होता. सल्लागाराकडे धूर सोडणारी एक नळी होती. मी देवघरातली उदबत्ती पेटवून त्याच्यामागोमाग फिरत होते आणि तिचा धूर तुळईच्या टोकापाशी अक्षरशः आडवा होत होता. या दाबाखाली घरातली सगळी हवा तासाला पाच वेळा बदलते असे मोजणीत निघाले, जे त्या काळच्या घराला साजेसे असले तरी अभिमानाचे नाही. उष्णताहानीच्या प्रमाणित गणितात, ज्याला इथे एफ-२८० म्हणतात, त्याने ३३,००० बीटीयूचा आकडा दिला. माझ्या बिलांच्या हिशेबापेक्षा थोडा अधिक, पण त्याच घरातला वाटावा इतका जवळ.

त्यानंतर आधी फटी बुजवून घेतल्या आणि पोटमाळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर दिला. यंत्रापेक्षा हे काम फारच स्वस्त, आणि यंत्र कोणतेही असो, त्याचा उपयोग होतोच. दोन्ही मजल्यांच्या तापमानातला फरक त्याच हिवाळ्यात कमी झाला.

यानंतर कंत्राटदारांची पाळी आली. आलेल्यांपैकी एकाने घर बाहेरूनच पाहून चार टनांचे यंत्र सुचवले. दुसऱ्याने सध्याचा एसी दोन टनांचा आहे म्हणून दोनच टन पुरेत असे सांगितले. तिसऱ्याने ‘या हवामानात हे चोचले कशाला’ असे म्हणत नव्या फर्नेसचेच दरपत्रक पुढे केले. हिशेब मागितल्यावर बहुतेकांकडे अनुभव होता, कागद नव्हता. एफ-२८० चा अहवाल हातात दिल्यावर बोलण्याचा सूर मात्र बदलला.

मला स्वतःला सर्वाधिक मदत झाली ती उत्पादकांच्या तपशीलवार तक्त्यांची. पाटीवरचा टनाचा आकडा हा थंडाव्याचा असतो. थंडीत ते यंत्र किती उष्णता देईल हे वेगळ्या तक्त्यात असते. अमेरिकेच्या ईशान्य भागातील नीप ही संस्था थंड हवामानाच्या हीट पंपांची यादी ठेवते आणि त्या यादीत प्रत्येक यंत्राची निरनिराळ्या तापमानांना कमाल व किमान क्षमता दिलेली असते. उणे १५ ला सीओपी किमान १.७५ असल्याखेरीज यंत्राला त्या यादीत जागा मिळत नाही. आमच्या डोळ्यासमोरचे अडीच टनांचे यंत्र उणे १५ ला सुमारे २५,००० बीटीयू देत होते, आणि तेवढ्या थंडीत घराची गरज २२,५०० होती. दोन्ही रेषा कागदावर काढल्या तर उणे १७ च्या जवळ त्या एकमेकींना छेदत होत्या. त्याखाली यंत्र एकटे पुरे पडणार नाही, जोड लागेल. उणे १७ च्या खालचे तास ऑटावात दर वर्षी येतात, पण संपूर्ण हिवाळ्याच्या मानाने ते थोडे असतात.

मग चार टन घेऊन ही रेषा आणखी खाली का नेऊ नये? यादीतला किमान क्षमतेचा रकाना इथे उपयोगी पडला. मोठे यंत्र एका मर्यादेपेक्षा हळू चालू शकत नाही. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सौम्य दिवसांत घराला थोडीशीच ऊब लागते, तेव्हा ते सारखे चालू-बंद होत राहते. उन्हाळ्यात खोली भराभर गार करून थांबते आणि हवेतला दमटपणा तसाच ठेवते. शिवाय दर टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा वाहून न्यावी लागते, आणि आमचे डक्ट, म्हणजे घरभर हवा नेणारे पत्र्याचे मार्ग, फर्नेसच्या गरम हवेसाठी आखलेले असल्याने १,६०० घनफुटांना त्यांनी शिट्टी वाजवली असती. चार टनांचा पर्याय तिथेच निकालात निघाला.

यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहायचे म्हणून एका परिचित मराठी कुटुंबाकडे जानेवारीत गेलो. त्यांनी आदल्या वर्षी गॅस पूर्ण तोडून हीट पंप बसवला होता. बाहेरचे युनिट भिंतीलगत लोखंडी चौकटीवर, जमिनीपासून गुडघाभर उंच ठेवलेले होते, कारण इथे बर्फ साचतो आणि खालून ठिबकणारे पाणी गोठून बर्फाचा ढिगारा वर चढत जातो. आम्ही उभे असतानाच पंखा थांबला, आतून फुस्स असा आवाज आला आणि कॉइलवरची पांढरी साय वितळून वाफेचा लोट निघाला. बाहेरच्या कॉइलवर दव गोठते म्हणून यंत्र काही मिनिटे उलटे चालून ते वितळवते, तेच हे. गंमत अशी की हे गोठणे शून्याच्या आसपासच्या ओलसर हवेत सर्वाधिक होते. उणे वीसला हवा इतकी कोरडी असते की कॉइल बराच वेळ स्वच्छ राहते. बातम्यांत सांगतात तो ‘वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी उणे ३८’ हा आकडा यंत्राला लागू होत नाही, ते फक्त हवेचे खरे तापमान ओळखते. घराच्या फटी मात्र वारा ओळखतात.

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या आणि आमच्याबरोबर होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आमच्या घरी त्या फर्नेसच्या जाळीजवळची खुर्ची पकडून बसत. परिचितांच्या घरी त्यांनी जाळीवर हात धरला आणि मला म्हणाल्या, “अगं, हा वारा गरम आहे की गार तेच कळत नाही. खोली मात्र छान उबदार आहे.” त्यांचे निरीक्षण तंतोतंत होते. गॅस फर्नेसची हवा ५० अंशांच्या वर तापून झोताने येते आणि थांबते. हीट पंपाची हवा ३५ ते ४० अंशांची असते, शरीराच्या तापमानाएवढीच, पण ती जवळजवळ अखंड वाहत राहते. जाळीजवळ बसून शेकण्याची सवय असलेल्यांनी हे आधी अनुभवून पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

तोवर तांत्रिक बाजूने शंका उरली नव्हती. प्रश्न पैशांचा होता, आणि तिथे खरी गुंतागुंत होती. हीट पंप परवडतो की नाही हे यंत्रापेक्षा वीज आणि गॅस यांच्या दरांच्या गुणोत्तरावर ठरते. २०२४-२५ च्या हिवाळ्यात आम्हाला एक घनमीटर गॅस, करांसह, साधारण ५२ सेंटना पडत होता. त्यात केंद्राचा कार्बन आकार होता, जो एप्रिल २०२४ पासून घनमीटरला १५.२५ सेंट होता. या दराने घरात आलेल्या एका युनिट उष्णतेची किंमत ५.४ सेंट होते. विजेचे एक युनिट सगळे आकार धरून सरासरी १३ सेंटना. म्हणजे सीओपी २.४ च्या वर असेपर्यंत हीट पंप स्वस्त, आणि तेवढा सीओपी उणे आठ-नऊ अंशांपर्यंत मिळतो. हिवाळ्यातले निम्म्याहून अधिक तास त्यात येतात. हा हिशेब मांडून आम्ही जवळजवळ होकाराला आलो होतो.

१ एप्रिल २०२५ ला घरगुती ग्राहकांवरचा कार्बन आकार रद्द झाला. आमचा गॅस ३५ सेंटवर आला, गॅसच्या एका युनिट उष्णतेची किंमत ३.७ सेंटवर उतरली, आणि बरोबरीसाठी लागणारा सीओपी २.४ वरून साडेतीनवर गेला. साडेतीन सीओपी मिळायला बाहेर शून्याच्या वर पाच-सहा अंश लागतात. तेवढ्या सौम्य हवेत घराला फारशी ऊब लागतच नाही. यंत्र तेच, घर तेच, थंडी तीच, आणि एका रात्रीत सगळे गणित उलटे. जाहिरातीत किंवा कुणाच्या अनुभवात ‘इतकी बचत झाली’ असे वाचले की ती कोणत्या वर्षी, कोणत्या प्रांतात आणि कोणत्या दराने, हे आधी विचारावे ते यासाठी. शेजारच्या क्वेबेकमध्ये, नदी ओलांडून दहा मिनिटांवर, वीज इतकी स्वस्त आहे की तिथल्या घरमालकाला यातला एकही आकडा लिहावा लागत नाही.

आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात मात्र विजेची एक दरयोजना आहे जिच्यामुळे विषय तिथे संपला नाही. मे २०२३ पासून सुरू झालेल्या या अतिस्वस्त रात्र योजनेत रात्री ११ ते सकाळी ७ विजेचा दर अगदी कमी असतो; त्या हिवाळ्यात तो युनिटला २.८ सेंट होता. त्याची भरपाई म्हणून आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ हा दर २८.४ सेंट होता, म्हणजे दहापट. यात वहनाचे आणि इतर आकार धरून साधारण तीन सेंट मिळवावे लागतात. रात्रीचे युनिट सहा सेंटच्या आत पडले की बरोबरीला लागणारा सीओपी फक्त १.६ राहतो, आणि तो उणे १५ च्या खालीही मिळतो. शनिवार-रविवारी दिवसा २.९ लागतो, तो शून्याच्या आसपास मिळतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेआठ लागतो, जो कुठल्याही यंत्राकडून कुठल्याही हवेत मिळणार नाही. सगळे जण बाहेरचे तापमान विचारत होते. आमच्या प्रांतात खरे म्हणजे घड्याळ आधी विचारायला हवे होते. एक बोच मात्र राहते : दुपारी ४ ते ९ ही आमच्या घरात पोळ्यांची वेळ आहे आणि शेगडी विजेची आहे. त्या खर्चाचा अंदाजही हिशेबात धरला. तो वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला, कारण शेगडी तासभर चालते आणि ऊब रात्रभर लागते.

इतके करूनही बचतीचा आकडा लहानच आला. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पंप, इतर वेळी गॅस, असे चालवले तर वर्षाला शंभर-दीडशे डॉलर वाचतील. नवा साधा एसी साडेपाच हजारांच्या घरात होता आणि थंड हवामानाचा हीट पंप अकरा हजारांच्या. प्रांतिक योजनेतले अनुदान गॅसवर तापणाऱ्या घराला विजेवर तापणाऱ्या घरापेक्षा बरेच कमी मिळते. निव्वळ पैशांत पाहिले तर यंत्राच्या आयुष्यात हा फरक भरून निघत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याचा एसी धडधाकट आहे आणि घरात गॅस आहे, त्याने आमच्या शहरात केवळ बचतीसाठी हे करू नये असे माझे मत झाले. जिथे विजेच्या साध्या हीटरने, तेलाने किंवा प्रोपेनने घर तापते, तिथे मात्र उत्तर बहुधा याच्या उलट येते आणि फार विचार करावा लागत नाही.

गॅस पूर्ण तोडण्याचा पर्यायही तपासला, कारण गॅस वापरा अथवा नका वापरू, जोडणीचा स्थिर आकार महिन्याला पंचवीस डॉलरच्या आसपास बसतोच. वर्षाचे तीनशे डॉलर वाचले तर पूर्ण विजेवरचे घर आणि गॅसचे घर यांचा खर्च जवळपास सारखा येत होता. पण आमचे विजेचे पॅनेल १०० ॲम्पिअरचे आहे. उणे २५ ला लागणारा दहा किलोवॉटचा पूरक हीटर एकटाच चाळीसहून अधिक ॲम्पिअर ओढतो. त्यात शेगडी, कपडे वाळवायचे यंत्र आणि हीट पंप. पॅनेल २०० ॲम्पिअरचे करणे म्हणजे आणखी काही हजार डॉलर. दुसरे कारण माझ्यासाठी अधिक वजनदार होते. २१ मे २०२२ च्या वादळात ऑटावाच्या अनेक वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि १९९८ च्या जानेवारीतल्या बर्फवादळाच्या आठवणी इथले जुने लोक अजून सांगतात. वीज गेली तर गॅस फर्नेसही बंद पडते, हे खरे. पण तिच्या पंख्याला पाच-सहाशे वॉट लागतात आणि ते लहान जनरेटरवर भागतात. हीट पंपाला काही किलोवॉट लागतात. जानेवारीत दोन दिवस वीज नसलेल्या घरात नळ फुटतात, तेव्हा हा फरक कागदावरचा राहत नाही.

म्हणून शेवटी मिश्र रचना ठरली : अडीच टनांचा हीट पंप, आणि जोडीला तीच जुनी फर्नेस. काही कंपन्यांची यंत्रे त्यांच्याच फर्नेसशी आणि त्यांच्याच थर्मोस्टॅटशी बोलतात, त्यामुळे कोणत्याही फर्नेसवर बसणारे यंत्र शोधावे लागले. पंपाची कॉइल फर्नेसच्या वर बसते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी उष्णता देऊ शकत नाहीत; थर्मोस्टॅट एकातून दुसऱ्यात बदल करतो. पैशांत न बसणारे कारणही या निर्णयात होते, ते लपवण्यात अर्थ नाही. घर तापवायला आम्ही वर्षाला सुमारे २,१०० घनमीटर गॅस जाळत होतो, म्हणजे चार टन कार्बन डायऑक्साइड. ऑन्टॅरिओने कोळशाची वीज २०१४ मध्ये बंद केली. इथली निम्मी वीज अणुभट्ट्यांतून आणि सुमारे पाव जलविद्युत केंद्रांतून येते. गॅसवरची वीजकेंद्रे प्रामुख्याने मागणी चढते तेव्हा चालतात, रात्री कमी. संध्याकाळी पंप बंद ठेवणे त्यामुळे खिशाला आणि हवेला, दोघांनाही मानवते. नवऱ्याचे म्हणणे होते की बरोबरीच्या रेषेवरच थांबावे. माझे म्हणणे, सुट्टीच्या दिवशी उणे बारापर्यंत पंपच चालवावा, पडले चार पैसे जास्त तर पडू देत. माझे चालले.

कर्जाची योजना ग्रीनर होम्सची होती : जास्तीत जास्त ४०,००० डॉलर, बिनव्याजी, दहा वर्षांत फेड. मंजुरीआधी काम सुरू करता येत नाही, म्हणून अर्ज वसंतातच करून ठेवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये यंत्र बसले, आणि १ ऑक्टोबरला ती योजना नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. बसवताना आम्ही युनिटची जागा बदलायला लावली. कंत्राटदाराला ते छपराच्या पन्हाळीखाली सोयीचे वाटत होते, पण तिथे वरून पडणारे पाणी आणि बर्फ थेट पंख्यावर आले असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये विजेचे दर पुन्हा बदलले. रात्रीचा दर ३.९ सेंट झाला, संध्याकाळचा ३९.१, आणि प्रांताची बिलावरची सूट २३.५ टक्क्यांवर गेली. आकडे परत मांडले, तर रात्रीच्या युनिटची एकूण किंमत सहा सेंटच्या किंचित वर राहिली आणि थर्मोस्टॅटचे वेळापत्रक बदलावे लागले नाही. आता उरली आहे गरम पाण्याची टाकी. इथल्या पुष्कळ घरांप्रमाणे ती आमच्याकडेही भाड्याची आणि गॅसवरची आहे. तिचा करार संपेल तेव्हा तिच्या जागी हीट पंपाचीच टाकी घ्यायची का, हे पाहायचे आहे, आणि ती घेतली तर गॅसची जोडणी केवळ कडाक्याच्या रात्रींसाठी महिन्याला पंचवीस डॉलर देऊन ठेवायची का, हा हिशेब पॅनेलच्या खर्चासह नव्याने मांडावा लागेल.